स्विच घेण्याआधी: छोट्या कारखान्याच्या नेटवर्कची आखणी

फोन येतो तो बहुतेक एकाच प्रश्नाने. "चोवीस पोर्टचा स्विच केवढ्याला पडेल?" मी विचारतो, जोडायचंय काय काय? पलीकडे जरा शांतता, आणि मग, "कॅमेरे आहेत, कॉम्प्युटर आहेत... तुम्ही आधी रेट तर सांगा."

हा रेट सांगता येत नाही, कारण स्विच, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या नेटवर्क केबल जिथे एकत्र येतात तो डबा, ही या कामातली शेवटची खरेदी आहे. त्याआधी मोजायच्या तीन गोष्टी: जोडण्या, अंतरं आणि वॅट. वेग कमी पडला म्हणून बंद पडलेलं नेटवर्क मी क्वचितच पाहिलंय. वीज, उकाडा, उंदीर, भेसळीची केबल आणि कुणीतरी भलत्याच जागी खुपसलेली वायर, यांनी बंद पडलेली मात्र भरपूर.

उदाहरणादाखल भोसरी-चाकण पट्ट्यात असते तशी एक मशीन शॉप धरू. पुढे दुमजली ऑफिस, मागे पत्र्याची शेड. आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमचे घालून बघा.

आधी चालत फिरा

वही, पेन्सिल आणि लांब मोजपट्टी घ्या. लॅपटॉप नको. प्रत्येक खोलीत उभं राहून लिहा: इथे कोण बसणार, टेबल कुठल्या भिंतीला, प्रिंटर कुठे, छतावर वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे, कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात. कारखान्याचा वायरमन बरोबर असू द्या. कुठल्या भिंतीत कंड्युट आहे आणि कुठल्या भिंतीत पावसाळ्यात पाणी झिरपतं, हे त्याच्याइतकं मालकालाही ठाऊक नसतं.

आपल्या नमुन्यात ऑफिसच्या इमारतीत निघाले २६ कॉम्प्युटर, ४ प्रिंटर, १ सर्व्हर, १ बॅकअपचा स्टोरेज डबा, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा १ एनव्हीआर, १ फायरवॉल, हजेरीचं १ बायोमेट्रिक मशीन, ४ अ‍ॅक्सेस पॉइंट आणि ८ कॅमेरे. बेरीज ४७. शिवाय ८ टेबलांवर आयपी फोन आहेत, पण फोनच्या पाठीमागे दुसरं पोर्ट असतं आणि कॉम्प्युटर त्यातूनच जोडता येतो, म्हणून पोर्टच्या हिशेबात ते वेगळे धरायचे नाहीत. विजेच्या हिशेबात मात्र धरायचे.

शेडमध्ये ८ कॅमेरे, २ अ‍ॅक्सेस पॉइंट, ४ कॉम्प्युटर, १ बायोमेट्रिक आणि नेटवर्कला जोडायची ३ सीएनसी मशीन, म्हणजे १८.

आता यात साधारण ३० टक्के वाढ धरा. ४७ चे ६१ होतात, १८ चे २४. "आमच्याकडे कुठे माणसं वाढणारेत" असं म्हणणाऱ्याकडेच वर्षभरात टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा डबा लटकताना दिसतो. असा डबा दिसला की समजायचं, मोजणीच्या दिवशी कुणीतरी कंजुषी केली होती.

अंतर सरळ रेषेत मोजू नका

तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. त्यातली ९० मीटर भिंतीतून जाणारी पक्की केबल, उरलेली १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसाठी, म्हणजे छोट्या मोकळ्या केबलसाठी. केबल कावळ्यासारखी उडत जात नाही. ती रॅकमधून वर चढते, फॉल्स सीलिंगवरून वळसा घेते, खांब चुकवते, पुन्हा खाली उतरते. नकाशावर ६० मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात सहज ९० होतं. म्हणून मोजपट्टी केबलच्या वाटेनेच धरायची.

आपली शेड केबलच्या वाटेने १४० मीटरवर आहे. इथे कुणीतरी हमखास सांगतं की मध्ये एक स्विच टाका, काम होतंय. कॅमेऱ्यांच्या बाजारात पीओई (केबलमधूनच वीज देणारे) स्विच मिळतात त्यांवर "२५० मीटर" असंही छापलेलं असतं. त्या स्विचवरची कळ दाबली की केबल लांब चालते हे खरं, पण त्या पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर येतो. एका कॅमेऱ्याला तो पुरेल, अख्ख्या शेडला नाही.

दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. अंतराइतकंच दुसरंही कारण आहे. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं आणि जूनमध्ये वीज कडाडू लागली की मधल्या तांब्याच्या तारेवरून झटका दोन्हीकडच्या स्विचपर्यंत पोचतो. फायबरच्या काचेतून तो जात नाही. मात्र जमिनीतून टाकायच्या आर्मर्ड फायबरला पोलादी कवच असतं आणि ते वीज वाहून नेतं. ते इमारतीत शिरतानाच तोडून अर्थ करायचं, रॅकमध्ये आणायचं नाही. हे बरेच जण विसरतात आणि मग फायबर असूनही स्विच कसा जळला म्हणून कोडं पडतं.

फायबरच्या दोन प्रकारांपैकी मल्टीमोड की सिंगलमोड? १४० मीटरला दोन्ही चालतात. मी सिंगलमोड घेतो, कारण पुढे वेग वाढवायचा झाला तर फक्त टोकाची मॉड्यूल बदलावी लागतात. शिवाय केबल टीव्ही आणि घरोघरच्या ब्रॉडबँडमुळे तालुक्याच्या गावीसुद्धा सिंगलमोड जोडणारा आणि स्प्लायसिंगचं मशीन बाळगणारा माणूस सापडतो. दोन कोअर लागत असतील तर सहा कोअरची केबल टाका. चर खणण्याच्या खर्चापुढे जास्तीच्या कोअर फुकटात पडल्यासारख्याच.

तांब्याच्या केबलबद्दल एकच गोष्ट, पण ती गाठीला बांधा. ३०५ मीटरचं बॉक्स बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळालं, तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असण्याची शक्यता मोठी. ब्लेडने तार खरवडा. आतून पांढरी चंदेरी निघाली की बॉक्स परत. अशा केबलवर पीओईची वीज पाठवली की व्होल्टेज पडतं, केबल तापते आणि दोष स्विचवर येतो. नवीन काम असेल तर कॅट ६ टाका. गिगाबिट पूर्ण १०० मीटर मिळतं, आणि अंतर ५५ मीटरच्या आत असेल तर १० गिगाबिटही. १० गिगाबिट पूर्ण अंतरावर हवं असेल तर कॅट ६ए लागते, पण आपल्या टेबलांना त्याची गरज नाही. जुन्या इमारतीत चांगली कॅट ५ई असेल तर ती उपटू नका. गिगाबिट तर तिच्यावर चालतंच, नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं अडीच गिगाबिटही चालतं.

वॅटचा हिशेब

पीओई म्हणजे डेटाच्या केबलमधूनच उपकरणाला वीज. त्याच्या पायऱ्या लक्षात ठेवा. २००३ चं ८०२.३ एएफ हे मानक स्विचच्या पोर्टला १५.४ वॅट देतं आणि पलीकडे हमी १२.९५ ची, कारण मधले केबलमध्ये जातात. २००९ चं एटी ३० वॅट देतं, त्यातले २५.५ पोचतात. २०१८ चं बीटी ६० आणि ९० वॅटपर्यंत जातं. साधा कॅमेरा आणि फोन एएफवर भागतात. वायफाय ६ च्या अ‍ॅक्सेस पॉइंटला बहुधा एटी लागतं. काही वायरलेस उपकरणं मानकाबाहेरची २४ व्होल्टची पॅसिव्ह पीओई मागतात. ती स्विचच्या पोर्टवर चालू होत नाहीत, त्यांचा स्वतःचा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा डबा, लागतो.

लोक फसतात ते यापुढे. चोवीस पोर्ट पीओई आहेत याचा अर्थ चोवीसही पोर्टना एकाच वेळी पूर्ण वीज मिळेल असा नाही. स्विचचा एकूण कोटा वेगळा असतो, डेटाशीटमध्ये त्याला पीओई बजेट म्हणतात. बाजारात ३७० वॅटचे स्विच दिसतात, तो आकडा २४ गुणिले १५.४ मधून आलाय. १९० वॅटच्या आसपासचे मिळतात, त्यांचा कोटा त्याच्या निम्मा.

एका ठिकाणी रोज संध्याकाळी सातनंतर तीन-चार कॅमेरे गायब व्हायचे आणि सकाळी आपोआप परतायचे. कॅमेरे बदलले, केबल बदलल्या, शेवटी सगळ्यांचं मत पडलं की सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे. गडबड अंधाराची होती. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची भूक वाढते. दिवसाच्या आकड्यावर घेतलेल्या स्विचचा कोटा रात्री संपत होता. तेव्हापासून मी डेटाशीटमधला कमाल वॅटचाच आकडा धरतो.

आपल्या ऑफिसचा हिशेब: ८ कॅमेरे, प्रत्येकी १० वॅट, झाले ८०. ४ अ‍ॅक्सेस पॉइंट, प्रत्येकी २०, झाले ८०. ८ फोन, प्रत्येकी ६, झाले ४८. एकूण २०८, तीस टक्के वाढ धरून २७०. शेडचे ८० अधिक ४० म्हणजे १२०, वाढ धरून १५६.

किती स्विच, किती पोर्टचे

ऑफिसला ६१ पोर्ट हवेत. एक ४८ आणि एक २४ चा घेता येईल. मी तीन २४ चे घेईन: दोन पीओई, १९० वॅटवाले, आणि एक पीओई नसलेला. तिघांना एकमेकांशी जोडण्यासाठी एसएफपीची (मॉड्यूल खोचायची) वेगळी पोर्ट असतात, म्हणजे ७२ पोर्ट मोकळी राहतात. कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोन पीओई स्विचमध्ये निम्मे-निम्मे वाटायचे, तेही असे की एका मजल्याचे सगळे एकाच स्विचवर नसावेत. एक स्विच गेला तर निम्मा कारखाना दिसत राहतो. उरलेल्या एकावर सगळे कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट हलवले तरी १६० वॅटच होतात. फोन दोन दिवस बंद राहिले तर कुणी मरत नाही.

शेडला तोच २४ पोर्टचा पीओई स्विच, त्याच मॉडेलचा. आता कपाटात ठेवायचा जादा स्विचही एकाच प्रकारचा लागतो. एकच मॉडेल वापरण्याचा हा फायदा दरपत्रकात दिसत नाही.

मॅनेज्ड की साधा

अनमॅनेज्ड स्विच म्हणजे वीज दिली की चालू, त्यात बदलायला काहीच नाही. दहा माणसांच्या दुकानात तो ठीक. आपल्यासारख्या ठिकाणी किमान स्मार्ट मॅनेज्ड हवा, आणि त्यात चार गोष्टी हव्यातच: व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगवेगळ्या नेटवर्कचे कप्पे), स्पॅनिंग ट्री किंवा लूपपासून संरक्षण, डीएचसीपी स्नूपिंग आणि प्रत्येक पोर्टचं पीओई दूरून बंद-चालू करण्याची सोय. शेवटच्या सोयीमुळे अडकलेला कॅमेरा पुन्हा सुरू करायला शिडी लागत नाही.

लूप म्हणजे काय ते एका रविवारी मला नीटच समजलं. एका कार्यालयात सफाई करणाऱ्याने लोंबकळणारी पॅच कॉर्ड उचलली आणि व्यवस्थित दिसावी म्हणून भिंतीवरच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचली. तिचं दुसरं टोक शेजारच्या पोर्टमध्ये आधीच होतं. ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या डेटाची, पाकिटं गोल-गोल फिरून वाढत गेली आणि सोमवारी सकाळी हजेरीपासून बिलिंगपर्यंत सगळं ठप्प. चूक त्या माणसाची नव्हती. साधा स्विच बसवणाऱ्याची होती, म्हणजे माझी.

डीएचसीपी स्नूपिंगचं प्रकरण याहून नेहमीचं. कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणतं, "माझ्या केबिनमध्ये रेंज येत नाही" म्हणून लॅन पोर्टला जोडतं, आणि तो राउटर अख्ख्या ऑफिसला आपले आयपी पत्ते वाटत सुटतो. स्नूपिंग चालू असेल तर असा उपटसुंभ पत्तेवाटप्या पोर्टवरच अडतो.

लेयर ३ स्विच, म्हणजे व्हीलॅनमधली वाहतूक स्वतःच वळवणारा, घ्यायचा का? बहुतेक नको. एवढ्या ठिकाणी व्हीलॅनमधली वाहतूक फायरवॉल सांभाळते. एक अट मात्र आहे: एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. १६ कॅमेरे, प्रत्येकी साधारण ६ एमबीपीएस, म्हणजे ९६ एमबीपीएसचा प्रवाह दिवसरात्र वाहतो. एनव्हीआर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये टाकला तर हा सगळा प्रवाह उगाच फायरवॉलमधून जातो, आणि मग इंटरनेट मंद झालं म्हणून बोल कंपनीला.

डेटाशीट वाचताना

स्विचिंग कपॅसिटीच्या मोठ्या आकड्यांनी भारावू नका. २४ गिगाबिट पोर्ट आणि १० गिगाबिटचे ४ अपलिंक (दुसऱ्या स्विचकडे जाणारी पोर्ट) असतील तर २४ अधिक ४० म्हणजे ६४, दोन्ही दिशांचे मिळून १२८ जीबीपीएस. सेकंदाला ९५.२३ दशलक्ष पाकिटं पुरतात. नामांकित कंपन्यांचे आजचे स्विच हे बहुतेक पुरवतात, तेव्हा आकडा पडताळा आणि पुढे जा. मॅक टेबल (कुठलं उपकरण कुठल्या पोर्टवर याची स्विचची यादी) ८ हजारांचं असलं तरी आपल्याला कैक पट पुरतं.

पोर्ट १०/१०० चे नाहीत ना, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. कॅमेऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्विचमध्ये ही गोम असते. वरचे ९६ एमबीपीएस १०० च्या पोर्टमधून एनव्हीआरला पाठवून बघा म्हणजे कळेल.

रॅकमधल्या स्विचना एकमेकांशी जोडायला १० गिगाबिटचे एसएफपी प्लस पोर्ट आणि छोट्या डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेल्या तांब्याच्या) छान पडतात. शेडकडे मात्र १ गिगाबिट भरपूर आहे. तिथून येणार ८ कॅमेऱ्यांचे ४८ एमबीपीएस आणि किरकोळ काम. एसएफपी मॉड्यूल स्विचला चालतं का ते आधी विचारा. काही कंपन्यांचे स्विच परकं मॉड्यूल स्वीकारत नाहीत.

डेटाशीटमधली सर्वांत दुर्लक्षित ओळ तापमानाची. बरेच स्विच ४० किंवा ४५ अंशांपर्यंतच चालण्याचा वायदा करतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीवरच्या बंद रॅकचं आतलं तापमान त्याच्या वर जातं, विदर्भात तर सावलीतच जातं. रॅक छपराजवळ लावू नका, सुपरवायझरच्या केबिनमध्ये आणा. ते शक्य नसेल तर औद्योगिक स्विच घ्या, ७५ अंशांपर्यंत चालणारे मिळतात. पंख्याचा स्विच अकाउंट्सच्या डोक्यावर बसवू नका. आठ दिवसांत तक्रार येईल आणि ती खरी असेल.

कागदावरचे व्हीलॅन

बसवण्याआधी हे कागदावर लिहा. ऑफिस १०, कॅमेरे २०, फोन ३०, पाहुण्यांचं वायफाय ४०, मशीन ५०, आणि स्विचच्या स्वतःच्या व्यवस्थापनाला ९९. क्रमांक १ ते ४०९४ मधला कुठलाही चालतो, पण १ हा स्विचमध्ये मुळातच घातलेला असल्याने कामाला वापरू नका. आयपी पत्त्यातही तोच आकडा ठेवा: कॅमेरे १९२.१६८.२०, मशीन १९२.१६८.५०. रात्री अकरा वाजता फोन आला की पत्ता ऐकूनच कुठलं उपकरण ते कळतं.

मशीनना वेगळं का ठेवायचं? अनेक सीएनसी आजही विंडोज एक्सपीवर चालतात आणि मायक्रोसॉफ्टने त्याला सुरक्षा दुरुस्त्या देणं एप्रिल २०१४ मध्ये थांबवलंय. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा हल्ला मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून पसरत थेट न्हावाशेव्यापर्यंत आला आणि जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. आत शिरलेला किडा एका संगणकावरून दुसऱ्यावर मोकळेपणी जाऊ शकतो, तेव्हा असं होतं. नुसते व्हीलॅन पाडून भागत नाही. ५० मधून १० कडे फक्त सर्व्हरच्या एका फोल्डरपुरता रस्ता उघडा, बाकीचं फायरवॉलवर बंद. २० ला इंटरनेट द्यायचंच नाही. मालकाला मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतील तर व्हीपीएनने, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या कुलूपबंद रस्त्याने.

खरेदी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला फिरून भाव काढा, पण बिल जीएसटीचं आणि त्यावर प्रत्येक स्विचचा सीरियल नंबर असलेलं घ्या. १८ टक्के कर नोंदणीकृत कारखान्याला परत वळता करून घेता येतो, त्यामुळे "बिनबिलाचं स्वस्त" हा हिशेब तसाही चुकतो. विक्रेत्याला विचारायचं ते असं: वॉरंटी भारतातली की आयात केलेल्या देशातली? पॉवर सप्लाय आणि पंखा त्यात धरलाय का? बदली स्विच आधी मिळतो की जुना पाठवल्यावर? क्लाउडवरून चालणारा असेल तर लायसन्स संपल्यावर स्विच चालतो की नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

मोठ्या कंपन्यांतून निघालेले जुने स्विच मोहात पाडतात. दणकट असतात, पण आवाज करतात, वीज खातात आणि त्यांच्या फर्मवेअरच्या (आतल्या सॉफ्टवेअरच्या) नव्या आवृत्त्या बऱ्याचदा बंद झालेल्या असतात. शिकायला घरी घ्या.

यूपीएस विसरू नका. पीओईमुळे कॅमेरे आणि फोन आता त्याच्यावर आलेत. २०८ वॅट पीओई, त्यावर रूपांतरात जाणारे तीसेक, तीन स्विचचे स्वतःचे ७५, फायरवॉल आणि एनव्हीआर धरून ४०० च्या घरात. सर्व्हर वेगळा. जनरेटर चालू व्हायला किती मिनिटं लागतात ते बघून बॅटरी ठरवा. शेडच्या रॅकलाही छोटा यूपीएस हवाच.

बसवण्याचा दिवस

तिकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तोच दिवस धरा. त्याआधी दोन-तीन दिवस सगळे स्विच टेबलावर मांडून चालू करा: फर्मवेअर अद्ययावत, पासवर्ड बदललेला, व्हीलॅन घातलेले, घड्याळ बरोबर. रॅकमध्ये पॅच पॅनेल (भिंतीतल्या केबल जिथे संपतात ती पट्टी) आणि स्विच एकाआड एक लावा म्हणजे छोट्या पॅच कॉर्ड पुरतात. केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक, छापील. पेनने लिहिलेला पहिल्या पावसात पुसतो. रॅकची भोकं फोमने बुजवा, नाहीतर उंदीर तुमच्याआधी नेटवर्कची पाहणी करतील.

सगळं लागलं की मुद्दाम मोडून बघा. एका स्विचची वीज काढा: कुठले कॅमेरे गेले, ठरवल्याप्रमाणे निम्मेच गेले ना? एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीवरच्या दोन पोर्टमध्ये घाला: एक पोर्ट बंद पडून बाकीचं चालू राहिलं पाहिजे. मोबाइलला पाहुण्यांच्या वायफायवर टाकून सर्व्हर दिसतो का बघा, दिसता कामा नये. आणि रात्री आठपर्यंत थांबा. कॅमेऱ्यांचे दिवे लागल्यावर प्रत्येक स्विच किती वॅट देतोय तो आकडा वहीत उतरवा.

मग स्विचच्या सेटिंगची प्रत काढून एक सर्व्हरवर, एक पेनड्राइव्हवर. जादा स्विचमध्ये तेच फर्मवेअर भरून तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या नकाशावर लिहून.